राहिलेली मजुरी

मनुष्य नोकरीस लागतो त्या दिवशीं धन्यास त्याची गरज असते आणि त्यास धन्याची गरज असते. म्हणून त्या दिवसाचें बोलणें बहुधा सरळ व गोड होतें. परंतु नोकरी सुटते त्या दिवशीं हा तोल राहात नाहीं. धन्यास जें काम हवें होतें तें त्याच्या पदरांत पडून चुकलेलें असतें. नोकराच्या श्रमाचा मोबदला मात्र अद्याप धन्याच्याच तिजोरींत असतो. ह्यापुढें कामावर न येणाऱ्या माणसाला पैसे देण्याची निकड धन्यास भासत नाहीं, आणि ज्याचें येणें राहिलें आहे त्याच्या हातीं काम थांबविण्याचें शस्त्रही उरत नाहीं. ‘उद्यां या’, ‘हिशेब व्हावयाचा आहे’, ‘साहेबांची सही राहिली आहे’ हीं वाक्यें ज्याच्या कानांवर आलीं नाहींत असें मध्यम स्थितींतील कुटुंब आज विरळा. मुंबई-पुण्याच्या खाजगी कंपनींतून बाहेर पडलेल्या पदवीधर मुलापासून तों वैनगंगेच्या बाजूस सावलीच्या मुलखांत धानाच्या बांधींत राबणाऱ्या सालगड्यापर्यंत ही एकच अडचण निरनिराळ्या पोषाखांत उभी राहते. शेवटचा पगार अडवून धरणें हा एखाद्या धन्याचा स्वभावदोष आहे असें मानून आपण पुष्कळदां स्वस्थ बसतों. आमच्या मतें हा प्रश्न स्वभावापेक्षां व्यवस्थेचा अधिक आहे. आणि व्यवस्था इतिहासानें घडत असल्यामुळें तो इतिहास, मुख्यतः आपल्या प्रांतापुरता, येथें थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या प्राचीन ग्रंथकारांस हा प्रश्न ठाऊक नव्हता असें नाहीं. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. नारदस्मृतींत वेतन हें कामाच्या आरंभीं, मध्यें किंवा अखेरीस, जसें ठरलें असेल तसें द्यावें, असें सांगितलें आहे. कौटिल्यानें तर नुसता उपदेश न करितां दंडच लावून दिला आहे. वेतन न देणाऱ्या धन्यास त्या वेतनाचा दहावा हिस्सा किंवा सहा पण दंड. आणि देणें लागत असतां जो तें साफ नाकबूल करील त्यास पांचवा हिस्सा किंवा बारा पण. उशीर आणि नकार ह्या दोन अपराधांत त्यानें केलेला हा भेद मार्मिक आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्या नोकरासही त्यानें बारा पणांचाच दंड सांगितला आहे. ते नियम प्रत्यक्षांत कितपत पाळले जात असतील हा प्रश्न निराळा. परंतु धनी आणि चाकर हे दोघेही वचनभंग करूं शकतात, व दोघांसही राजदंडाचें भय असलें पाहिजे, एवढें तत्त्व तरी त्यांत स्पष्ट दिसतें. तराजूस पारडीं दोन होतीं.

इंग्रजी अमदानींत ह्यांपैकीं एक पारडें दीर्घकाळ काढून ठेवण्यांत आलें होतें, असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. इ. स. १८५९ च्या तेराव्या कायद्यानें, कामाकरितां उचल घेऊन काम न करणाऱ्या किंवा अर्धवट सोडून जाणाऱ्या कारागिराला व मजुराला मॅजिस्ट्रेटासमोर उभें करण्याची सोय झाली. त्यानें पैसे परत करावे किंवा काम पुरें करावें. तसें न केल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेंत टाकतां येई. हा कायदा प्रथम कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या शहरांकरितां झाला व पुढें इतरत्रही लागू करण्यांत आला. मजुरानें करार मोडला तर तो गुन्हा, आणि धन्यानें मजुरी बुडविली तर ती केवळ दिवाणी बाब! दहा-पांच रुपयांच्या मजुरीसाठीं कोर्टाची फी भरून, वकील देऊन, तारखांमागून तारखा घेणें कोणास परवडणार? तेव्हां ह्या दोन वचनभंगांची किंमत कायद्यानें सारखी धरली नव्हती. आश्चर्य हें कीं, हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें.

परंतु त्याच १८५९ सालीं, मुंबईपासून फार दूर नसलेल्या एका ठिकाणीं, मजुरांनीं ह्या प्रश्नाकडे सरकारचें लक्ष वेधलें. तें ठिकाण म्हणजे बोरघाट. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग सह्याद्रीवर चढविण्याचें काम १८५६ सालीं सुरू झालें होतें. पंचवीस बोगदे, अनेक पूल, आणि कडे तासून काढलेली वाट असें तें प्रचंड काम होतें; ऐन भरांत असतां १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांहून अधिक माणसें तेथें राबत होतीं. काम कंत्राटानें चाललेलें. मुख्य कंत्राटदाराच्या हाताखालीं पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि सर्वांच्या तळाशीं मजूर. अशा शिडीवरून पैसा खालीं उतरतांना प्रत्येक पायरीवर तो थोडा थोडा अडकतो, आणि शेवटच्या पायरीस पोंचण्यापूर्वीं पुष्कळदां नाहींसा होतो. जानेवारी १८५९ मध्यें, मजुरी वेळेवर व ठरल्याप्रमाणें मिळत नाहीं ह्या तक्रारीवरून घाटांत दंगा झाला. त्याच वर्षीं फॅव्हिएल नांवाच्या पहिल्या कंत्राटदाराच्या हातून तें काम गेलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा येथें पाऊल ठेवल्यावर थोडक्याच दिवसांत वारला, व त्याच्या विधवा पत्नीनें, अ‍ॅलिस ट्रेडवेलनें, कंत्राट पुढें चालवून १८६३ सालीं घाटाचा मार्ग पुरा करविला. ही कथा रेल्वेच्या इतिहासांत कौतुकानें सांगितली जाते व तें योग्यच आहे. मजुरांच्या दंग्याची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो.

तथापि त्या दंग्याच्या पाठोपाठ १८६० सालीं एक कायदा झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रेल्वे, कालवे व तत्सम सार्वजनिक कामांवरील मजुरांच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटानें झटपट निकालांत काढावे, अशी त्यांत तरतूद होती. दिवाणी कोर्टाची दीर्घ वाट न चालतां मजुरीचा तंटा तोडण्याचा मार्ग येथें प्रथम दिसूं लागला. ह्याच कायद्यांत काम सोडून जाणाऱ्या मजुरास शिक्षेचें कलमही होतें. म्हणजे एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें सावरून घेतलें होतें. पण मजुरी न मिळणें ही ताबडतोब न्याय मागण्यासारखी गोष्ट आहे, हें सरकारास एकदां तरी कबूल करावें लागलें. आणि तें कबूल करविणारे लोक खंडाळ्याच्या कड्यावर सुरुंग लावणारे होते, सभा-अर्ज करणारे नव्हते.

सभा-अर्जांचा काळ ह्यानंतर पंचवीस वर्षांनीं आला. नारायण मेघाजी लोखंडे हें नांव आज कामगार-चळवळीच्या आद्यपुरुषांत घेतलें जातें. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेंतील हे गृहस्थ कांहीं काळ गिरणींत नोकरीस होते व १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईस गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला, व त्यावर सुमारें साडेपांच हजार कामगारांनीं सह्या केल्या. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, कामावर दुखापत झालेल्यास कांहीं मदत, ह्या मागण्या सर्वांस माहीत आहेत. १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली व तिच्या योगें लोखंडे यांचें नांव अजरामर झालें. परंतु त्याच अर्जांत आणखी एक मागणी होती, तिच्याकडे तितकें लक्ष जात नाहीं. ती अशी कीं, गेल्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. मागणी करणारे लोक ‘पंधरा तारखेच्या आंत’ एवढ्यावर समाधान मानावयास तयार होते, ह्यावरूनच त्या वेळची वहिवाट काय असेल ह्याचा तर्क करितां येतो.

ही वहिवाट नीट समजून घेतली म्हणजे शेवटच्या पगाराचा प्रश्न आपोआप उलगडतो. महिना संपला तरी पगार पुढील महिन्याच्या मध्यापर्यंत हातीं येत नसे. म्हणजे कोकणांतून किंवा घाटावरून नवा आलेला कामगार गिरणींत लागला कीं पहिले सहा आठवडे त्यानें वाण्याच्या उधारीवर काढावयाचे. सावकाराच्या व्याजाचा दर, दरमहा दर रुपयास एक आणा, म्हणजे वर्षास शेंकडा पंचाहत्तर, हा कांहीं अपवादात्मक समजला जात नसे. येणेंप्रमाणें कामगार एका बाजूनें गिरणीला बिनव्याजी कर्ज देत होता व दुसऱ्या बाजूनें तेंच कर्ज सावकाराकडून जबर व्याजानें काढीत होता. मालकाच्या हातांत नेहमीं सहा आठवड्यांची मजुरी अडकलेली राही, ती कामगाराच्या वर्तनाची जामीनकीच होय. नोटीस न देतां तो गेला तर बाकी जप्त. आणि मालकानेंच काढून टाकलें तरी, ‘पगाराच्या दिवशीं ये’ हें उत्तर ठेवलेलें. तो दिवस येईपर्यंत खोलीचें भाडें थकलेलें, वाणी दारांत उभा, व नवें काम शोधावयाचें. कित्येक लोक ह्या बाकीवर पाणी सोडून गांवीं निघून जात. दंड, बिघडलेल्या कापडाबद्दल कपात, गैरहजेरीबद्दल कपात, ह्या गोष्टी वेगळ्याच.

ह्या स्थितीचा कायदेशीर विचार १९२० नंतर सुरू झाला. त्या दशकांत आठवड्याच्या आठवड्यास पगार देण्याविषयींचें एक खाजगी विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळांत आलें. सरकार स्वतःच विचार करीत आहे अशा आश्वासनावर तें मागें घेण्यांत आलें. १९२६ सालीं हिंदुस्थान सरकारनें प्रांतिक सरकारांकडून पगाराच्या विलंबाविषयीं माहिती मागविली. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनच्या पुढें ती माहिती ठेवण्यांत आली, व त्या कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत कायद्याची शिफारस केली. १९३३ मध्यें विधेयक आलें, तें पडून राहिलें. १९३५ मध्यें पुन्हां आलें. आणि २३ एप्रिल १९३६ रोजीं पगार देण्याविषयींच्या कायद्यास गव्हर्नर-जनरलची संमति मिळाली. तो अंमलांत आला २८ मार्च १९३७ रोजीं. लोखंडे यांच्या अर्जापासून ह्या दिवसापर्यंत बावन्न वर्षें गेलीं होतीं, आणि स्वतः लोखंडे वारूनही चाळीस वर्षें लोटलीं होतीं.

ह्या कायद्याचें पांचवें कलम आमच्या विषयाचा कणा आहे. हजारांहून कमी कामगार असतील तेथें सातव्या दिवसाच्या आंत, व इतरत्र दहाव्या दिवसाच्या आंत पगार दिला पाहिजे, असें त्यांत ठरलें. त्याच कलमांत पुढें असें आलें कीं, मालकानें कोणास कामावरून दूर केलें तर त्याची मिळविलेली मजुरी दुसऱ्या कामाच्या दिवसाची मुदत संपण्यापूर्वीं त्याच्या हातीं पडली पाहिजे. ‘पगाराच्या दिवशीं ये’ हें उत्तर ह्या एका वाक्यानें बेकायदेशीर ठरलें. कोणत्या कारणास्तव कपात करितां येईल ह्याची यादी करण्यांत आली, दंडाला रुपयामागें अर्ध्या आण्याची मर्यादा पडली, आणि ‘मी आपले हक्क सोडून देतों’ असा करार कामगारानें लिहून दिला तरी तो रद्दबातल समजावा, असेंही सांगण्यांत आलें. शेवटचें हें कलम ज्यानें कोणीं सुचविलें असेल त्यास गरजवंताच्या संमतीची खरी किंमत कळत होती, ह्यांत संशय नाहीं.

परंतु गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कायदा मुख्यतः कारखान्यांस व रेल्वेस लागू झाला, तोही दरमहा दोनशें रुपयांहून कमी मिळविणारांपुरता. तक्रारीस सहा महिन्यांची मुदत होती. बेकायदा कपातीबद्दल कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववितां येई. पण नुसत्या विलंबाबद्दल मात्र कमाल भरपाई दहा रुपये! आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, दोन दिवसांची मुदत मालकानें काढून टाकलेल्या माणसापुरतीच होती. जो आपण होऊन नोकरी सोडील त्याच्याविषयीं पांचव्या कलमाचा तो भाग मुका होता. काढलेल्यास दोन दिवस, आणि सोडणाऱ्यानें नेहमींच्या पगाराच्या दिवसाची वाट पहावी! वस्तुतः श्रम दोघांचेही सारखेच झालेले असतात.

येथें आम्ही वाचकांस मुंबईहून पुष्कळ पूर्वेस, चांदा जिल्ह्याच्या रानांत नेऊं इच्छितों. वरील कायद्यास संमति मिळण्यापूर्वीं अवघे आठ आठवडे, १९३६ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या आरंभीं, सावली येथें गांधी सेवा संघाचें अधिवेशन भरलें होतें. सावली हें त्या वेळच्या मध्यप्रांतांतील, मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या वाटेवरचें गांव. चरखा संघाचें खादी-उत्पत्तीचें तें एक केंद्र होतें. गांधीवाद म्हणून कांहीं पंथ आपणांस मागें ठेवावयाचा नाहीं, हे महात्माजींचे प्रसिद्ध उद्गार ह्याच अधिवेशनांतले. परंतु त्या काळीं खादीच्या कार्यकर्त्यांपुढें तत्त्वज्ञानाहून अधिक निकडीचा एक प्रश्न उभा होता, तो सूत कातणाऱ्या बायांच्या मजुरीचा. खादी स्वस्त विकली जावी म्हणून कातणारणीस दिवसाकाठीं नाममात्र पैसे मिळत. ही गरिबांची सेवा म्हणावयाची कीं त्यांची पिळवणूक, असा प्रश्न स्वतः गांधीजींनींच उपस्थित केला होता. आठ तासांच्या कामास आठ आणे हें त्यांचें ध्येय होतें. तें एकदम साधणारें नव्हतें. तथापि १९३५ च्या ऑक्टोबरांत चरखा संघानें ठराव केला कीं, आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल अन्नवस्त्रास पुरेल इतकी किमान मजुरी कातणारास मिळालीच पाहिजे. खादी महागली तरी चालेल, असा त्याचा अर्थ होता.

दिल्लीचा कायदा आणि सावलीच्या केंद्राचा हा ठराव एकाच हंगामांतले आहेत, पण त्यांच्या दृष्टींत अंतर आहे. कायदा विचारीत होता, ठरलेली मजुरी केव्हां द्यावयाची? ठराव विचारीत होता, मजुरी किती ठरावयास पाहिजे? एक मालकाच्या घड्याळाकडे पाहात होता, दुसरा कातणारणीच्या चुलीकडे. दोहोंची गरज होती. कारण पुरेशी पण न मिळालेली मजुरी आणि वेळेवर मिळालेली पण अपुरी मजुरी, दोन्हींनीं चूल सारखीच थंड राहते. आणखी असें कीं, सावलीच्या पंचक्रोशींतील बहुसंख्य श्रमिकांस हे दोन्ही उपाय लागू पडत नव्हते. ते कारखान्यांतही नव्हते आणि चरख्यावरही नव्हते. ते धानाच्या बांधींत होते, व जंगलांत होते.

सालगड्याची रीत विदर्भांत सर्वांच्या परिचयाची आहे. गुढीपाडव्यास साल बदलतें. वर्षाची रक्कम ठरते, कांहीं धान्य ठरतें, आणि आरंभीं उचल मिळते. उचल लग्नांत, आजारांत किंवा जुन्या देण्यांत जाते. वर्षाच्या अखेरीस हिशेब व्हावयाचा. पण हिशेबाची वही धन्याच्या घरीं आणि आंकडे घालणारा हातही धन्याचाच. अर्ध्या सालांत गडी निघाला तर राहिलेलें साल त्याच्या अंगावर निघतें, आणि झालेल्या महिन्यांची मजुरी बोलण्यांतच राहते. म्हणजे मुंबईच्या गिरणींत जी जामीनकी सहा आठवड्यांची होती ती येथें वर्षाची. उचलीच्या पायीं गडी एका सालांतून दुसऱ्या सालांत ओढला जातो, ही गोष्ट १९७६ च्या वेठबिगार-निर्मूलनाच्या कायद्यानें गुन्हा ठरविली. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्यानें शेतमजुरास प्रथमच एका मध्यवर्ती कायद्याच्या छायेखालीं आणलें. कागदावर पारडें परत आलें होतें. परंतु वही धन्याच्याच घरीं राहिली.

जंगलाची गोष्ट ह्याहूनही विचार करण्याजोगी आहे. बांबू तोडणें, लांकूड काढणें, उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें खुडून त्यांच्या जुड्या बांधणें, हीं कामें कांहीं दिवसांचीं किंवा आठवड्यांचीं. कंत्राटदार बाहेरचा, हंगाम संपला कीं त्याच्या गाड्या निघून जातात. गिरणी कामगाराच्या आयुष्यांत शेवटचा पगार एकदां किंवा दोनदां यावयाचा. जंगलांतील मजुराची प्रत्येक मजुरी हीच शेवटची मजुरी असते. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस त्याची नोकरी सुटते, आणि प्रत्येक वेळीं निघून जाणाऱ्या धन्याकडे त्याचें कांहीं येणें राहण्याचा संभव असतो. महिना, तारीख, पगारपत्रक, नोटीस हे ज्या कायद्याचे आधार, तो कायदा अशा माणसापर्यंत पोंचण्यापूर्वींच थकून जातो. म्हणून येथें इलाज शोधावा लागला तो धन्याच्या जागींच. १९४७ सालीं बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारानें मुंबई राज्यांत जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघूं लागल्या, त्यांचा हेतु कंत्राटदार मधून काढून टाकणें हाच होता. पुढें चांदा-गडचिरोलीच्या रानांतही त्या झाल्या. ह्याच्या पुढचें पाऊल धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवानें टाकलें. २००९ मध्यें त्या गांवास सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्यें आपल्या जंगलांतील बांबू आपणच विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं प्रत्यक्ष आला. जेथें मजूर ग्रामसभेंत बसतो व हिशेब सर्वांसमोर वाचला जातो, तेथें ‘उद्यां या’ म्हणणें कठीण पडतें. प्रत्येक गांव मेंढा होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वही कोणाच्या घरीं आहे, हा प्रश्न कायद्याच्या कलमाइतकाच महत्त्वाचा आहे, हें तें उदाहरण शिकवितें.

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रश्नास राज्यघटनेचाही आधार मिळाला. घटनेच्या तेविसाव्या कलमांत वेठीस धरण्याची मनाई आहे, आणि इंग्रजी मसुद्यांतही तेथें ‘बेगार’ हा आपलाच शब्द ठेवावा लागला. १९८२ च्या सप्टेंबरांत दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, किमान वेतनापेक्षां कमी देऊन काम करून घेणें ही देखील वेठच होय. कारण भुकेची जबरदस्ती ही चाबकाच्या जबरदस्तीपेक्षां वेगळी नाहीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. त्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि हजारों घरांत शेवटचा हिशेब हा वर्षानुवर्षें वाट पाहण्याचा विषय झाला. बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर बँकेचा हक्क आधीं कीं कामगाराचा, हा प्रश्न आतां पुढें आला. १९८५ च्या दुरुस्तीनें कामगारांचें देणें तारणदार धनकोंच्या बरोबरीस आणून बसविलें. २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्यानें ही बरोबरी चोवीस महिन्यांच्या देण्यापुरती ठेविली. बुडत्या घराची वांटणी होतांना मजुराचें नांव यादींत कोठें येतें, त्यावर त्या देशाची नीति ओळखावी.

१९३६ च्या कायद्याची जागा आतां नव्या वेतन संहितेनें घेतली आहे. ती संमत झाली २०१९ सालीं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तिच्या सतराव्या कलमांत शेवटच्या पगाराविषयीं जुनीच दोन दिवसांची मुदत आहे. पण आतां ती काढलेल्या माणसाबरोबरच राजीनामा देणाऱ्यासही लागू आहे, आणि कपातींत सांपडलेल्यास व संस्था बंद पडल्यामुळें बेकार झालेल्यासही. जुन्या कायद्याचा तो मुका भाग त्र्याऐंशी वर्षांनीं बोलूं लागला. पगाराची वरची मर्यादाही पगार देण्याच्या नियमांपुरती उरली नाहीं. कारकून, अधिकारी, मजूर सर्व एका रांगेंत आले. दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत मिळाली, व अधिकाऱ्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववितां येते. कंत्राटदारानें मजुरी बुडविली तर ज्याचें काम झालें त्या कंपनीवर वा मालकावर ती देण्याची जबाबदारी येते. बोरघाटच्या शिडीवर अडकलेला पैसा वरच्या पायरीकडून मागण्याची ही सोय झाली.

तेव्हां ज्यांचा शेवटचा पगार अडकला आहे अशांनीं प्रथम हें समजून घ्यावें कीं, आपण मागतों ती मेहेरबानी नव्हे. कपाट, किल्ल्या, यंत्र, कागदपत्र परत करून त्याची पोंच घ्यावी; राजीनाम्याची तारीख लेखी असावी; मागणी लेखी करावी; आणि ‘माझें कांहीं येणें राहिलें नाहीं’ अशा कागदावर पैसे हातीं येण्यापूर्वीं सही करूं नये. धन्याचें खरेंच कांहीं नुकसान झालें असेल तर त्यास तें दाखवितां आलें पाहिजे, व नोकरास आपली बाजू मांडावयास मिळाली पाहिजे. सबंध पगारावर बसून राहण्याचा अधिकार त्यावरून उत्पन्न होत नाहीं.

परंतु हा लेख वाचणारीं कुटुंबें केवळ नोकरांचींच नाहींत; त्यांपैकीं बहुतेक धनीही आहेत. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, मुलास सांभाळणारी मुलगी, मोटार हांकणारा मनुष्य, हीं आपलीं माणसें काम सोडून जातात तेव्हां त्यांचा महिन्यामधला हिशेब आपण किती दिवसांनीं करतों? ‘न सांगतां गेली, आतां येईल तेव्हां पाहूं’ असें म्हणून आठ-पंधरा दिवसांचे पैसे विसरले जाण्याची चाल आमच्या सुशिक्षित घरांत अगदींच अपरिचित आहे काय? गिरणीमालकाच्या तोंडीं जें वाक्य आम्हांस निर्दय वाटतें तेंच स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून बोललें म्हणजे व्यवहारचातुर्य ठरतें, ह्याचें नवल वाटल्यावांचून राहात नाहीं. आपल्या मुलाच्या अडकलेल्या पगाराविषयीं बोलतांना आपण न्यायाचे शब्द वापरतों. बाईच्या राहिलेल्या पैशांविषयीं बोलतांना शिस्तीचे वापरतों.

दोन दिवसांची मुदत कायद्यानें घातली आहे, आणि ती ज्यांच्या प्रयत्नानें आली त्यांत बोरघाटचे सुरुंगवाले आहेत, लोखंडे यांच्या अर्जावर सही-अंगठा करणारे साडेपांच हजार लोक आहेत. त्यांची नांवें बहुतेक नाहींशीं झालीं. त्यांनीं मिळविलेली मुदत मात्र आपल्या हातीं आहे; ती मागतांना जितकी आठवावी तितकीच देतांनाही आठवावी.